फिरत्या घराची किल्ली

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बेताचे सामान ठेवण्याची सोय असलेली जी मोटार दिवसा वाहन असते आणि मुक्कामी पोहोचल्यावर घर होते, तिला कॅम्परव्हॅन म्हणतात. या दुहेरी स्वरूपामुळे तिच्या किल्लीचा इतिहासही दुहेरी झाला आहे. कारण घराची किल्ली सांभाळण्याची रीत आणि वाहनाची किल्ली सांभाळण्याची रीत या दोन वेगळ्या परंपरा असून, विसाव्या शतकाच्या मध्यावर त्या एकाच जुडग्यात येऊन मिळाल्या. साध्या मोटारीची किल्ली हरवली तर माणूस पायी किंवा बसने घरी परततो. कॅम्परव्हॅनची किल्ली हरवली तर परतण्याचे घरच बंद झालेले असते, आणि बहुतेक वेळा अंथरूण, अन्न, औषधे व कागदपत्रे त्याच बंद दाराआड असतात. म्हणून या वाहनाच्या निमित्ताने किल्ली हरवण्याचा आणि राखण्याचा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो तितका तो अन्यत्र दिसत नाही. या इतिहासाचा मुख्य धागा असा की, कुलूप जसजसे पक्के होत गेले तसतसा हरवलेल्या किल्लीवरचा उपाय कारागिराच्या हातातून निसटून कुठेतरी लिहून ठेवलेल्या क्रमांकाकडे गेला.

घराच्या किल्लीची परंपरा प्राचीन आहे. रोमन काळात पेटीची लहान किल्ली अंगठीला जोडून बोटात घालण्याची पद्धत होती, आणि अशा किल्लीच्या अंगठ्या युरोपातील अनेक संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात. मध्ययुगीन युरोपात घरधनिणीच्या कमरेला लटकणारा जुडगा हा तिच्या घरातील अधिकाराची उघड खूण मानला जाई. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांतही कोठीची आणि कपाटांची किल्ली कोणाच्या कमरेला आहे यावरून घरातील सत्ता कोणाकडे आहे हे कळत असे. शिवकालीन गडांच्या व्यवस्थेत हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत व त्यांपैकी दरवाजांच्या किल्ल्यांची जबाबदारी हवालदाराची असे. सायंकाळी दरवाजे लावून घेणे, कुलपे तपासणे आणि सकाळी ते उघडवणे ही कामे त्याने दुसऱ्यावर सोपवू नयेत अशी अपेक्षा होती. या सर्व उदाहरणांत तत्त्व एकच दिसते: किल्ली एका ठरलेल्या माणसाच्या अंगावर किंवा ताब्यात असावी, आणि ती कोठे आहे याचे उत्तर देणारा माणूस एकच असावा. किल्ली ठेवण्याच्या जागेपेक्षा ती ठेवणारी व्यक्ती महत्त्वाची, असा हा विचार होता.

चाकांवरच्या घराला ही रीत प्रथम लागू झाली ती घोडागाडीच्या काळात. रोमानी लोकांच्या निवासी गाड्या इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सर्वत्र दिसत असत, आणि त्यांच्यावरून स्फूर्ती घेऊन विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाची गाडी ब्रिस्टलच्या एका गाड्या बांधणाऱ्या कारखान्याकडून खास बनवून घेतली. केवळ सहलीसाठी बांधलेली ही पहिली निवासी घोडागाडी मानली जाते. १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कॅरॅव्हॅन क्लब’ स्थापन झाला आणि स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. या काळातील गाडीचे कुलूप घरच्या कुलपासारखेच होते, आणि ते केवळ घराचे होते. घोड्याला किल्ली लागत नसल्यामुळे किल्ली हरवली तरी गाडीची वाट अडत नसे. पुढील गावात लोहार किंवा सुतार गाठून दार उघडवता येई आणि प्रवास चालू राही. फिरणे आणि राहणे या दोन गोष्टींच्या किल्ल्या अजून एकत्र आलेल्या नव्हत्या, ही या टप्प्याची खरी ओळख आहे.

सुरुवातीच्या मोटारींनाही किल्ली नव्हती. समोरचा दांडा हाताने फिरवून इंजिन चालू करावे लागे, आणि ते काम इतके कष्टाचे व प्रसंगी हात मोडणारे होते की चोराला अडवायला तेवढाच अडथळा पुरेसा वाटे. इंधनाला ठिणगी देणाऱ्या विद्युतमंडळाला इग्निशन म्हणतात. ते मंडळ जोडणारा व तोडणारा खटका पुढे किल्लीने चालू लागला. मात्र ही किल्ली इंजिन सुरू करीत नसे, फक्त त्याला सुरू होण्याची मुभा देई. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने विकल्या गेलेल्या फोर्डच्या मॉडेल टी या गाडीत १९१९ पासून ज्या किल्ल्या दिल्या गेल्या, त्यांचे प्रकार अवघे चोवीस होते आणि त्यांच्यावर ५१ ते ७४ हे क्रमांक उठवलेले असत. याचा अर्थ असा की एकाची किल्ली दुसऱ्याच्या गाडीला लागण्याचा संभव पुष्कळ होता. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की किल्ली हरवल्यास जवळच्या विक्रेत्याच्या चोवीस किल्ल्यांच्या जुडग्यात ती नक्की सापडे. सुरक्षितता आणि पुनर्प्राप्ती यांचे हे उलटे प्रमाण पुढच्या शंभर वर्षांत कधीच बदलले नाही. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विजेवर चालणारी सुरुवात-यंत्रणा कॅडिलॅक गाडीत आली आणि हाताचा दांडा मागे पडू लागला; तरीही इंजिन फिरवण्यासाठी वेगळी कळ पायाने किंवा बोटाने दाबावी लागे. मंडळ जोडणे आणि इंजिन फिरवणे ही दोन्ही कामे एकाच किल्लीच्या वळणात आणण्याचे श्रेय सामान्यतः क्रायस्लर कंपनीच्या १९४९ च्या गाड्यांना दिले जाते. त्यानंतर किल्ली हीच गाडीची चालना झाली.

या किल्लीचे दाते ज्या विद्येतून आले ती कुलपांची विद्या मोटारीहून जुनी होती. अमेरिकेतील लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात पिन टंब्लर कुलूप सुधारले. या कुलपात निरनिराळ्या लांबीच्या लहान खुंट्या स्प्रिंगच्या दाबाने खाली येऊन फिरता दांडा अडवतात, आणि योग्य दात्यांची चपटी किल्ली घातली की सर्व खुंट्या एका रेषेत येऊन तो मोकळा होतो. मोटारीत जागा कमी आणि धूळ जास्त असल्यामुळे खुंट्यांऐवजी पातळ धातूच्या पट्ट्या वापरणारे ‘वेफर’ कुलूप अधिक रूढ झाले. जर्मनीतील फेल्बर्ट आणि इंग्लंडमधील विलेनहॉल ही दोन गावे कुलुपांच्या धंद्यावर शतकानुशतके जगली. फेल्बर्टमध्ये १९०८ मध्ये स्थापन झालेल्या हुल्सबेक आणि फ्युर्स्ट या कारखान्याने, जो पुढे ‘हुफ’ या नावाने ओळखला गेला, १९२० च्या सुमारास मोटारींची कुलुपे बनवण्यास प्रारंभ केला. त्याच गावात आज जर्मनीचे कुलुपांचे संग्रहालय आहे. विलेनहॉलमध्ये कारागीर घरामागील लहान कार्यशाळांत व्हाइसवर वाकून दिवसभर कानस चालवीत, आणि त्या बाकाने अनेकांच्या पाठीला कायमचे पोक येत असे. तेथील एका कुलूपकाराचे घर आणि कार्यशाळा संग्रहालय म्हणून जतन केली आहे. फिरस्त्या प्रवाशांच्या खिशातील स्वस्त, चपट्या किल्लीमागे या वाकलेल्या पाठी आहेत, हे नोंदवल्यावाचून या धंद्याचा इतिहास पुरा होत नाही.

कारखान्यात लाखो किल्ल्या बनू लागल्यावर प्रत्येकीला ओळखण्याची सोय करावी लागली, आणि तेथेच किल्लीच्या क्रमांकाचा जन्म झाला. किल्लीच्या पात्यावर सहा जागा आणि प्रत्येक जागी चार उंची धरल्या तर ४०९६ प्रकार संभवतात. त्यांतून फार सपाट किंवा फार उंचसखल प्रकार वगळले की उरलेल्यांना क्रमांक देऊन त्यांचे तक्ते करता येतात. अशा तक्त्यावरून, मूळ किल्ली हाती नसतानाही, केवळ क्रमांक सांगून नवी किल्ली कापून मिळे. हा क्रमांक पुष्कळदा किल्लीच्या माथ्यावर, आणि काही गाड्यांत कुलपाच्या दर्शनी भागावरही, उठवलेला असे. मालकाला ही मोठी सोय होती. परंतु रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही कुलपावरचा क्रमांक वाचून किल्ली मागवता येणे शक्य असल्यामुळे चोरालाही ती तितकीच सोयीची ठरली. यावर अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या किल्ल्यांत एक साधा आणि विचारपूर्वक उपाय योजला गेला: किल्लीच्या माथ्यातील एका लहान तुकड्यावर क्रमांक छापलेला असे, आणि गाडी घेतल्यावर मालकाने तो तुकडा ठोकून काढून घरी वेगळा जपून ठेवावा अशी योजना होती. किल्ली एकीकडे आणि तिची ओळख दुसरीकडे ठेवण्याचा हा विचार किल्ली राखण्याच्या सर्व आधुनिक पद्धतींचा पाया आहे, आणि त्याचे मोल त्या काळी फार थोड्या मालकांना कळले. पुष्कळांनी तो तुकडा काढलाच नाही, किंवा काढून हरवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाहन आणि घर एकत्र आले. डच व्यापारी बेन पोन यांनी एप्रिल १९४७ मध्ये आपल्या वहीत एका खोक्यासारख्या वाहनाचे रेखाटन केले, आणि त्यातून फोक्सवॅगनची ट्रान्सपोर्टर व्हॅन मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्ग येथे उत्पादनात आली. १९५६ मध्ये हे उत्पादन हानोवरला हलवण्यात आले. वीडेनब्रुक येथील वेस्टफालिया या गाड्या बांधणाऱ्या कंपनीने १९५१ च्या सुमारास व्हॅनमध्ये बसवता व काढता येणारी ‘कॅम्पिंग बॉक्स’ ही लाकडी पेटी विक्रीस आणली, ज्यामुळे आठवडाभर माल वाहणारी व्हॅन सुटीच्या दिवशी कुटुंबाची निवासी खोली होऊ शकली. ब्रिटनमध्ये फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्डच्या व्हॅनवर ‘डॉर्मोबिल’ उभारली, आणि डेव्हन परगण्यातील सिडमथ येथे फोक्सवॅगनवर ‘डेव्हन’ नावाचे कॅम्पर तयार होऊ लागले. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारे फिरते घर प्रथमच बाजारात आले होते, आणि त्याबरोबर त्याच्या किल्ल्यांचा पसाराही आला.

हा पसारा समजून घेण्यासारखा आहे. व्हॅन एका कारखान्यात बने, तिचे घर दुसऱ्या कारखान्यात उभारले जाई, आणि आतील उपकरणे तिसरीकडून येत; प्रत्येक जण आपापले कुलूप घेऊन येई. इग्निशनची किल्ली, पुढच्या दारांची किल्ली, सरकत्या किंवा दुहेरी बाजूच्या दाराची किल्ली, इंधनाच्या झाकणाची, पाण्याच्या टाकीच्या झाकणाची, गॅसच्या नळकांड्याच्या कप्प्याची, शौचपेटीच्या बाहेरील दाराची आणि छपरावरच्या पेटीची किल्ली अशा सात-आठ किल्ल्या एका जुडग्यात असणे मोठ्या कॅम्परमध्ये नवलाचे नाही. पुढे काही उत्पादकांनी निवासी भागातील सर्व कुलुपांना एकच किल्ली लागेल अशी, काढता-घालता येणाऱ्या गाभ्यांची योजना आणली. यात कुलपाचे कवच तसेच राहते, आणि आतला गाभा एका विशेष किल्लीने बाहेर काढून दुसरा बसवता येतो. या योजनेने जुडगा हलका झाला खरा, पण गाडीची मूळ किल्ली आणि घराची किल्ली यांतील दुरावा मात्र बहुतेक मोठ्या कॅम्परमध्ये कायम राहिला. जुन्या व्हॅनमध्ये आणखी एक अडचण होती: आतील खटका दाबून दार बाहेरून नुसते ओढले तरी कुलूप लागण्याची सोय अनेक गाड्यांत असल्यामुळे किल्ली आत आणि माणसे बाहेर असा प्रसंग सहज ओढवे. म्हणूनच, किल्ली हातात दिसल्यावाचून दार लोटायचे नाही, हा नियम जुन्या कॅम्परधारकांमध्ये जवळजवळ शिस्तीसारखा पाळला जातो.

या वाहनांचा भारताशी आणि विशेषतः गोव्याशी खरा संबंध आला तो १९६० आणि १९७० च्या दशकांत. लंडन, अ‍ॅमस्टरडॅम किंवा म्युनिकहून निघून इस्तंबूल, तेहरान, काबूल आणि लाहोर मार्गे दिल्लीला पोहोचणाऱ्या रस्त्याने युरोपातील तरुण प्रवासी बसगाड्यांनी, जुन्या व्हॅननी आणि कॅम्परनी भारतात येत, आणि त्यांतील अनेक जण हिवाळ्यात हणजूण व वागातोरच्या किनाऱ्यांवर मुक्काम करीत. १९७९ मधील इराणची क्रांती आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांमुळे हा रस्ता बंद पडला. त्या प्रवासात कारखान्यातून नवी किल्ली मागवणे हा व्यवहार्य उपाय नव्हता. परंतु गाडीची किल्ली अजून निव्वळ धातूची होती, आणि या रस्त्यावरच्या प्रत्येक मोठ्या बाजारात कानस चालवणारा हात होता.

मूळ किल्ली नसताना नवी घडवण्याची ही कला वर्णन करण्यासारखी आहे. कारागीर दाते नसलेली कोरी किल्ली घेऊन तिची कड कानशीने गुळगुळीत करतो किंवा तिच्यावर काजळी धरतो, ती कुलपात घालून हलका पीळ देतो आणि बाहेर काढून उजेडात निरखतो. आतील पट्ट्या जेथे अडल्या असतील तेथे बारीक ठसे उमटलेले असतात. तेवढ्याच जागी कानस चालवून किल्ली पुन्हा आत घातली जाते, आणि ठसे उमटणे थांबेपर्यंत हा क्रम चालतो. शेवटी कुलूप फिरते. मुंबई, पुणे, मडगाव किंवा कोल्हापूर यांसारख्या शहरांच्या फुटपाथवर किल्ल्यांचे झुबके लटकवून बसणारे किल्लीवाले हीच विद्या आजही वापरतात, आणि तिला कोणतीही शाळा नसून ती बापाकडून मुलाकडे व उस्तादाकडून शागिर्दाकडे आली आहे. या कारागिरांचा धंदा हा मोटारीच्या इतिहासाचा एक मोठा पण अलिखित भाग आहे. कुलूपनिर्मितीत अलीगढचे नाव आणि १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत सुरू केलेल्या कारखान्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. हरवलेली किल्ली पुन्हा घडवणाऱ्या हातांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथात आलेली नाहीत.

किल्ली हरवल्यावर नवी करणे हा एक मार्ग. हरवलेली किल्ली मालकाकडे परत आणणे हा दुसरा, आणि त्याचा इतिहास उत्तर अमेरिकेत विशेष समृद्ध आहे. अमेरिकेतील ‘डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स’ या युद्धात अपंग झालेल्या सैनिकांच्या संघटनेने १९४० च्या दशकापासून मोटारमालकांना त्यांच्या गाडीच्या क्रमांकपट्टीची हुबेहूब छोटी प्रतिकृती टपालाने पाठवण्यास प्रारंभ केला. वाहन नोंदणीच्या याद्यांवरून हे बिल्ले तयार होत, मालक ते जुडग्यात अडकवी आणि संघटनेला ऐच्छिक देणगी पाठवी. जुडगा हरवलाच तर सापडणाऱ्याने तो कोणत्याही टपालपेटीत टाकावा, टपालखर्च संघटना देईल, अशी सूचना बिल्ल्याच्या मागे असे. हा उपक्रम १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला. कॅनडात ‘वॉर अँप्स’ या युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या संघटनेने १९४६ मध्ये अशीच सेवा सुरू केली. तिच्यातून परतलेल्या सैनिकांना रोजगार मिळाला, आणि आजवर पंधरा लाखांच्या आसपास जुडगे मालकांकडे परत गेले आहेत. ती सेवा अजून चालू असून, तिच्या बिल्ल्यावर आता केवळ गोपनीय संकेतांक असतो. वाहनाचा क्रमांक जुडग्यावर मिरवला तर सापडणाऱ्याला किल्लीबरोबर गाडीचीही ओळख मिळते. संकेतांकाने ती ओळख संघटनेच्या नोंदवहीतच राहते. जनरल मोटर्सच्या त्या ठोकून काढायच्या तुकड्यामागचा विचार येथे सार्वजनिक सेवेच्या रूपात पुन्हा प्रकट झालेला दिसतो. अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणावर आणि टपालखात्याच्या चोख कामावर उभी असलेली ही व्यवस्था मानवी विश्वासाचा एक सुंदर पुरावा आहे. २०२१ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आणलेला एअरटॅग, आणि त्याआधीचे ब्लूटूथ लहरींवर चालणारे तत्सम बिल्ले, हेच काम जवळून जाणाऱ्या अनोळखी लोकांच्या दूरध्वनींकडून त्यांच्या नकळत करवून घेतात. मोबाइल बाळगणारी माणसे नसलेल्या रानवाटेवर मात्र ते फारसे उपयोगी पडत नाहीत, आणि कॅम्परचा ओढा नेमका अशा वाटांकडे असतो.

दरम्यान चोरी वाढली तशी राज्यसंस्था किल्लीत लक्ष घालू लागली. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी सुकाणूचे कुलूप, म्हणजे किल्ली काढताच स्टिअरिंगचा दांडा अडवणारी यंत्रणा, नव्याच नव्हे तर जुन्या मोटारींनाही सक्तीची केली आणि तेथील मोटारचोऱ्या लक्षणीय घटल्या; ब्रिटनने १९७१ पासून ती फक्त नव्या गाड्यांपुरती ठेवल्यामुळे चोर जुन्या गाड्यांकडे वळले आणि परिणाम पुष्कळ सावकाश दिसला. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून लागू झालेल्या मानकानुसार चालकाने दार उघडले आणि किल्ली आतच राहिली असेल तर सूचनेचा आवाज झाला पाहिजे असे ठरले. किल्ली विसरण्याच्या मानवी स्वभावाची दखल कायद्याने घेतल्याचे हे एक उल्लेखनीय उदाहरण होय.

खरा कायापालट १९९० च्या दशकात झाला. युरोपीय संघाच्या १९९५ च्या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. या यंत्रणेत किल्लीच्या माथ्यात तांदळाच्या दाण्याएवढी, बॅटरी नसलेली एक चकती किंवा काचनळी असते. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या लहरींवर ती क्षणभर सजीव होऊन आपला संकेत कळवते, आणि तो गाडीच्या संगणकातील नोंदीशी जुळला तरच इंजिन चालू राहते. नेदरलँड्समधील आकडेवारीवर आधारलेल्या एका अभ्यासात या यंत्रणेमुळे मोटारचोरीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. तेव्हा तिच्या उपयुक्ततेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हरवलेल्या किल्लीच्या दृष्टीने पाहता, ज्या दिवशी ही चकती किल्लीत शिरली त्या दिवशी कानशीची विद्या अपुरी पडली. कारागिराने दाते अचूक घडवले तरी दार उघडते आणि इंजिन मात्र थंड राहते. घरात जाता येते, घर हलवता येत नाही. १९९० ते २००३ या काळात बनलेल्या फोक्सवॅगनच्या टी४ या व्हॅनच्या सुरुवातीच्या प्रती केवळ धातूच्या किल्लीवर चालतात आणि नंतरच्या प्रतींना संकेत लागतो, म्हणजे एकाच वाहनाच्या आयुष्यात हा सांधा स्पष्ट दिसतो. एक किल्ली शिल्लक असेल तर दुसरी गाडीच्या संगणकात नोंदवणे तुलनेने सोपे असते. सर्वच किल्ल्या गेल्या असतील तर मालकी सिद्ध करून उत्पादकाच्या नोंदीतून संकेत मिळवावा लागतो, आणि काही गाड्यांत संगणकाचा भागच बदलावा लागतो. शेवटची आणि शेवटून दुसरी किल्ली यांच्या मोलात एवढे अंतर यापूर्वी कधीच नव्हते.

कुलूप अभेद्य झाल्याबरोबर चोराने किल्लीच चोरण्यास सुरुवात केली, आणि ब्रिटनमध्ये केवळ मोटारीच्या किल्लीसाठी केलेली घरफोडी हा गुन्ह्याचा एक वेगळा प्रकार म्हणून पोलीस व संशोधक नोंदवू लागले. किल्ली खिशातून न काढता दार उघडणाऱ्या यंत्रणेबाबत झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा गाड्या तपासल्या, आणि घरात ठेवलेल्या किल्लीच्या लहरी दुरून पुढे पोहोचवून त्या सर्व उघडता येतात असे दाखवून दिले. परिणामी लहरी अडवणारी धातूच्या जाळीची पिशवी हा किल्ली राखण्याचा नवा डबा झाला. समुद्रात उतरणाऱ्या लाटस्वारांनी, ज्यांची कॅम्परशी मैत्री जुनी आहे, यातून आपली रीत बसवली आहे: इलेक्ट्रॉनिक किल्ली पाण्याने बिघडते म्हणून ती पिशवीत घालून गाडीतच लपवायची, आणि दार उघडण्यापुरती साधी धातूची किल्ली पोहण्याच्या पोशाखाच्या आतील खिशात बांधायची. फेल्बर्ट आणि विलेनहॉलच्या कारागिरांची चपटी किल्ली अशा रीतीने अजून उपयोगात आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यामुळे भाड्याने मिळणारी फिरती घरे आता कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरही दिसू लागली आहेत, आणि त्यांच्याबरोबर हा सारा प्रश्न मराठी प्रवाशांच्या दारी आला आहे. अशा वाहनात हवालदाराची जुनी रीत अजून सर्वांत उपकारक ठरते: मुक्कामात किल्ली एका ठरलेल्या माणसाकडे किंवा दाराजवळच्या एका ठरलेल्या आकड्यावर असावी, कारण आग लागली किंवा पाणी चढले तर अंधारात वाहन हलवावे लागते आणि तेव्हा शोधाशोधीला वेळ नसतो. दुसरी किल्ली दुसऱ्या माणसाच्या अंगावर असावी, गाडीत नव्हे. जुने कॅम्पर विकत घेणाऱ्याने सौदा करताना इंजिन आणि गंज यांच्याइतक्याच कसोशीने दुसरी किल्ली मागून घ्यावी, तिच्यावरचा आणि निवासी भागाच्या किल्लीवरचा क्रमांक उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवावा, आणि हातात एकच किल्ली उरली असेल तर पहिल्या प्रवासाला निघण्यापूर्वी दुसरी नोंदवून घ्यावी.